जुन्या ग्रंथालय प्रणाली आणि नेटवर्कवरील फाइल शेअरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातील वाचनालयांतून, तसेच बार्शी, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट या बाजूच्या सार्वजनिक आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. हे प्रश्न विचारणारे बहुतेक जण ग्रंथपाल किंवा देवघेव काउंटरवरचे कर्मचारी आहेत, म्हणून उत्तरे त्यांना वाचून स्वतः तपासणी करता येईल अशा पद्धतीने लिहिली आहेत. सेटिंगची आणि आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकात ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहावीत. कोणताही बदल करण्यापूर्वी सर्व काउंटरवरचा प्रोग्राम बंद करून संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ही सूचना प्रत्येक उत्तरात पुन्हा दिलेली नाही, पण ती प्रत्येक उत्तराला लागू आहे.

१. एसएमबी म्हणजे काय आणि आमच्या ग्रंथालयाच्या प्रोग्रामशी त्याचा काय संबंध?

एका संगणकावरचे फोल्डर दुसऱ्या संगणकावरून उघडताना दोन्ही संगणक ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्या नियमसंचाचे नाव एसएमबी आहे. त्याचा उगम १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला आणि पुढे विंडोजने तो आपलासा केला. आपल्या काउंटरवर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जे दिसते, ते बहुधा आतल्या खोलीतील सर्व्हरवरचे फोल्डर असते आणि प्रत्येक नोंद एसएमबीमार्फत ये-जा करते.

या नियमांच्या आवृत्त्या आहेत. विंडोज एक्सपी आणि त्यापूर्वीच्या विंडोजना फक्त आवृत्ती १ समजते. आवृत्ती २ व्हिस्टाबरोबर आली, २.१ विंडोज ७ बरोबर, ३.० विंडोज ८ बरोबर आणि ३.१.१ विंडोज १० बरोबर. जोडणी करताना दोन्ही बाजूंना समजणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडली जाते. अशी एकही समान आवृत्ती नसेल, तर जोडणी होतच नाही. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे म्हणूनच दोन मोठे गट पडतात: जोडणी होत नाही (प्रश्न ३ ते ६), आणि जोडणी होते पण नोंदी बिघडतात (प्रश्न ७ ते ९).

२. आमचा प्रोग्राम या अडचणीत सापडणाऱ्यांपैकी आहे का, हे कसे ओळखावे?

डेटा फोल्डर उघडून फाइलींच्या नावांचे शेवटचे तीन वर्ण पाहावेत. डीबीएफ असेल तर प्रोग्राम डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रोच्या घराण्यातला आहे. सोबतच्या एनटीएक्स, आयडीएक्स किंवा सीडीएक्स या त्याच्या इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या सूचीच्या, फाइली होत. एमडीबी असेल तर तो मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसवर चालतो. एमएसटी, एक्सआरएफ आणि आयएफपी अशी त्रयी दिसली, तर ती युनेस्कोची सीडीएस/आयसिस प्रणाली आहे, जी आपल्याकडील अनेक ग्रंथालयांनी विनामूल्य मिळाल्यामुळे वापरली.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. सर्व्हर फक्त फाइल सांभाळतो. शोधणे, कुलूप लावणे, नोंद लिहिणे ही कामे प्रत्येक काउंटरवरचा प्रोग्राम स्वतः करतो. याउलट एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल वापरणाऱ्या प्रणालींत (सोल २.० आणि कोहा ही परिचित उदाहरणे) फाइलीला हात लावणारा प्रोग्राम एकच, सर्व्हरवरचा असतो. त्यामुळे नोंदी बिघडण्याविषयीची या पानावरची उत्तरे अशा प्रणालींना लागू होत नाहीत.

३. इतकी वर्षे सर्व सुरळीत होते. काउंटरवर नवा संगणक आणला आणि त्याला सर्व्हर सापडेना. असे का?

सर्व्हर जुना असेल, म्हणजे एक्सपी, विंडोज सर्व्हर २००३ किंवा त्याच काळातील नेटवर्क डिस्क असेल, तर त्याला एसएमबी १ शिवाय काही येत नाही. नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ मुळातच बसवलेले नसते. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते काढण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी १२ मे रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने एसएमबी १ मधल्याच दोषाचा फायदा घेतला होता. त्या दोषावरचा दुरुस्तीसंच मार्चमध्येच प्रसिद्ध झाला होता, पण असंख्य संगणकांवर तो बसवलेला नव्हता.

अशा वेळी पडद्यावर दोन प्रकारचे संदेश दिसतात. एकात हे शेअर (सामायिक फोल्डर) सुरक्षित नाही आणि त्याला कालबाह्य एसएमबी १ लागते, असे स्पष्ट लिहिलेले असते. दुसऱ्यात ०x८००७००३५ हा क्रमांक आणि ‘नेटवर्क मार्ग सापडला नाही’ एवढेच असते. हा दुसरा संदेश चुकीचा पत्ता, फायरवॉल किंवा निघालेली केबल यांमुळेही येतो, म्हणून केवळ त्यावरून एसएमबीला दोष देऊ नये.

४. ‘नेटवर्क’ खिडकीत सर्व्हरचे नाव दिसत नाही, पण पत्ता टाकला की फोल्डर उघडते. हे बिघाडाचे लक्षण आहे का?

नाही. शेजारच्या संगणकांची यादी दाखवणारी जुनी कॉम्प्युटर ब्राउझर सेवा एसएमबी १ वर अवलंबून होती आणि त्याच्याबरोबरच ती गेली. यादी हवीच असेल तर सर्व्हरवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा सुरू करावी. आमचा सल्ला मात्र यादीच्या मागे न लागण्याचा आहे. सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता द्यावा, प्रत्येक काउंटरवर ड्राइव्ह त्या पत्त्याने जोडावा आणि पत्ता कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. राउटर बंद होऊन सुरू झाल्यावर सर्व्हरचा पत्ता बदलला आणि ‘सॉफ्टवेअर बंद पडले’ असा निरोप आला, हे फार वेळा घडते.

५. मग एसएमबी १ पुन्हा सुरू करून टाकले तर चालेल का?

‘विंडोज फीचर्स’ यादीत ‘एसएमबी १.०/सिफ्स फाइल शेअरिंग सपोर्ट’ या ओळीवर खूण करून ते सुरू करता येते, आणि दुरुस्तीला आलेले बहुतेक तंत्रज्ञ पहिल्यांदा हेच करतात. इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवर असे करू नये, असे आमचे ठाम मत आहे. ग्रंथालयात वाचक पेन ड्राइव्ह आणतात, विद्यार्थी वायफाय वापरतात आणि त्याच जाळ्यावर सभासदांची, अनामत रकमांची आणि दाखल नोंदींची एकमेव फाइल असते. एका काउंटरवर शिरलेला विषाणू एसएमबी १ च्या वाटेने सर्व संगणकांत पसरू शकतो.

नवे संगणक येत असतील तर बदलायचा तो सर्व्हर. जुन्या सर्व्हरवरचे डेटा फोल्डर विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर किंवा लिनक्स यंत्रावर हलवले, शेअरचे नाव आणि ड्राइव्हचे अक्षर पूर्वीचेच ठेवले, तर प्रोग्रामला फरक कळत नाही आणि जोडणी आवृत्ती ३ वर होते. फाइली मात्र त्याच असतात, त्यामुळे हलवल्यानंतर प्रश्न ७ आणि ८ वाचल्याशिवाय काउंटर उघडू नये. विंडोज १० ला दिला जाणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही सर्व्हर निवडताना ध्यानात घ्यावे.

एक्सपी ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर प्रश्न १५ पाहावा.

६. एसएमबी १ सुरू करून घेतले होते, काही दिवस चालले आणि सुटीनंतर आपोआप बंद झाले. कोणी बंद केले?

बहुधा विंडोजनेच. एसएमबी १ सोबत ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ नावाचा एक भाग येतो. संगणक चालू असलेल्या काळात एकूण १५ दिवस एसएमबी १ चा वापर झाला नाही, तर हा भाग ते काढून टाकतो. संगणक बंद असलेला काळ त्यात धरला जात नाही. महाविद्यालयाच्या उन्हाळी सुटीत काउंटरचा संगणक फक्त पत्रे टाइप करण्यासाठी वापरला गेला, की ही मुदत सहज भरते. असे काढणे एकदाच होते. त्यानंतर प्रशासकाने ते मुद्दाम पुन्हा बसवले, तर विंडोज पुन्हा काढत नाही.

सध्याची जोडणी कोणत्या आवृत्तीवर आहे हे पाहण्यासाठी काउंटरवरच्या संगणकात पॉवरशेल (आज्ञा टाइप करण्याची विंडोजची खिडकी) प्रशासक म्हणून उघडावे, तेथूनच शेअरमधील फाइलींची यादी एकदा मागवावी आणि मग ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ ही आज्ञा द्यावी. (या नावातली आडवी रेघ टाइप करायची आहे.) ‘डायलेक्ट’ स्तंभात १.५ दिसले तर ती आवृत्ती १ आहे, २.१, ३.०.२, ३.१.१ हे आकडे आपापल्या आवृत्तीचे आहेत. तक्रार कळवताना हा आकडा सोबत कळवल्यास निदानाचा निम्मा वेळ वाचतो.

७. जोडणी व्यवस्थित होते, पण एका काउंटरवर जमा केलेले पुस्तक दुसऱ्या काउंटरवर अजून बाहेरच दिसते. कधी कधी इंडेक्स बिघडतो, कधी एकाच दाखल क्रमांकाच्या दोन नोंदी होतात. प्रोग्राम तर बदललेला नाही. मग हे कशामुळे?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. जोडणी तुटली तर ती लगेच दिसते. नोंदी हळूहळू बिघडत असतील, तर ते कळायला वार्षिक साठा पडताळणी उजाडावी लागते.

डीबीएफवर चालणारा प्रोग्राम असे धरून चालतो की आपण फाइलीतला जो भाग वाचतो, तो या क्षणी सर्व्हरवर खरोखर तसाच आहे. एसएमबी मात्र वेगासाठी काही गोष्टी काउंटरच्या संगणकात साठवून ठेवते. वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलीला ही साठवण उपकारक असते, कारण ती फाइल एका वेळी एकच माणूस लिहितो. ग्रंथालयाच्या फाइलीत तीन-चार जण एकाच वेळी लिहीत असतात.

साठवण दोन तऱ्हांनी होते. पहिल्या तऱ्हेला ऑपलॉक आणि आवृत्ती २.१ पासून लीज म्हणतात. सकाळी पहिला काउंटर उघडतो तेव्हा ती फाइल दुसऱ्या कोणाकडेच उघडलेली नसते, म्हणून सर्व्हर त्या काउंटरला वाचलेले आणि लिहिलेले काही काळ स्वतःजवळच ठेवण्याची मुभा देतो. दुसरा काउंटर फाइल उघडू लागला, की सर्व्हर पहिल्याला निरोप धाडतो की जवळचे सर्व लिखाण आधी परत कर. हा निरोप वेळेत पोहोचला तर काहीच बिघडत नाही. पहिल्या संगणकाचे नेटवर्क कार्ड वीज वाचवण्यासाठी झोपले असेल, तो वायफायवर असेल किंवा केबलचे टोक सैल असेल, तर निरोपाला उत्तर येत नाही. सर्व्हर ठराविक वेळ थांबतो आणि मग दुसऱ्याला फाइल देऊन टाकतो. पहिल्याजवळ राहिलेले लिखाण अशा वेळी हरवते, किंवा डीबीएफ फाइलीत पोहोचते आणि इंडेक्समध्ये पोहोचत नाही. ‘इंडेक्स जुळत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा येथूनच सुरू होते.

दुसरी तऱ्हा आवृत्ती २ पासून आली आणि ती जास्त फसवी आहे. काउंटरचा संगणक फाइलीचा आकार, फोल्डरातील फाइलींची यादी आणि ‘अमुक फाइल अस्तित्वात नाही’ हे उत्तर, या तीन गोष्टी काही सेकंद लक्षात ठेवतो. मूळ मुदती अनुक्रमे १०, १० आणि ५ सेकंदांच्या आहेत. काही प्रोग्राम फाइलीचा आकार पाहून नवी नोंद कोठे लिहायची ते ठरवतात. जुना आकार हाती आला, तर दोन काउंटर एकाच जागी लिहितात. काही प्रोग्राम ‘कुलूप’ म्हणून एक रिकामी फाइल तयार करतात आणि ती आहे की नाही हे पाहून आत शिरतात. ‘नाही’ हे पाच सेकंदांपूर्वीचे उत्तर ज्याच्या हाती येते, तो काउंटर बंद दारातून आत गेल्यासारखा वागतो. परीक्षेच्या आधी रांग लागलेली असताना असे योग वारंवार जुळून येतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्याची यात चूक काढण्यात अर्थ नाही. क्लिपर आणि फॉक्सप्रोच्या काळातील नेटवर्क ज्या रीतीने वागत असे, त्या रीतीला धरूनच हे प्रोग्राम लिहिले गेले होते.

८. ही साठवण बंद कशी करायची?

काम दोन्ही बाजूंना करायचे आहे आणि एकही काउंटर वगळून चालत नाही. एक संगणक जुन्या सेटिंगवर राहिला, तर तेवढा एकटा सर्वांच्या नोंदी बिघडवू शकतो.

प्रत्येक काउंटरवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, लॅनमनवर्कस्टेशन, पॅरामीटर्स या वाटेने जावे. तेथे फाइलइन्फोकॅशलाइफटाइम, डिरेक्टरीकॅशलाइफटाइम आणि फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम अशी तीन डीवर्ड (अंकी) मूल्ये तयार करून तिन्हींत शून्य भरावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. फोल्डर उघडायला किंचित जास्त वेळ लागेल. देवघेवीच्या प्रोग्रामला तो फरक सहसा जाणवत नाही.

विंडोज सर्व्हरवर लीज बंद करावी. त्यासाठी लॅनमनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये डिसेबललीजिंग हे डीवर्ड मूल्य १ करून सर्व्हर सेवा पुन्हा सुरू करतात. २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारणेनंतर अॅक्सेसच्या सामायिक फाइली बिघडू लागल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने हाच उपाय सुचवला होता. विंडोज ११ आणि अलीकडच्या सर्व्हर आवृत्त्यांत ‘सेट-एसएमबीशेअर’ आज्ञेला ‘लीजिंगमोड’ हा पर्याय मिळाला आहे. त्याला ‘नन’ हे मूल्य दिले, तर फक्त त्या एका शेअरवर ऑपलॉक आणि लीज दोन्ही बंद होतात आणि बाकीच्या फोल्डरांचा वेग कायम राहतो. उपलब्ध असेल तेथे हाच मार्ग निवडावा.

जुन्या पुस्तिकांत आणि विक्रेत्यांच्या सूचनापत्रांत एनेबलऑपलॉक्स शून्य करा, असे लिहिलेले आढळते. ते सेटिंग एसएमबी १ च्या जोडणीपुरतेच चालते. आवृत्ती २ आणि ३ वर त्याचा काहीही परिणाम होत नाही. ते केलेले असूनही इंडेक्स बिघडतो, म्हणून चकित होणारे पुष्कळ जण आहेत.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी कराव्यात. नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांतील ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ ही खूण काढावी. डेटा फोल्डर विषाणूरोधक प्रोग्रामच्या सतत तपासणीतून वगळावे आणि त्याऐवजी रात्री एकदा तपासावे. त्या शेअरसाठी ‘ऑफलाइन फाइल्स’ बंद असल्याची खात्री करावी. देवघेवीचा काउंटर वायफायवर चालवू नये.

हे सर्व झाल्यावर सर्वांना बाहेर काढून सर्व्हरच्याच संगणकावर बसून रीइंडेक्स करावे. नेटवर्कवरून रीइंडेक्स करणे टाळावे, कारण त्या वेळी संपूर्ण फाइल केबलवरून ये-जा करते.

९. आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे आणि त्यावर सांबा (लिनक्सवरून एसएमबीने फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) चालते. वरील उत्तर त्याला लागू आहे का?

काउंटरचा भाग तसाच लागू आहे. सर्व्हरचा भाग सांबावर उलट सोपा आहे. एसएमबी.कॉन्फ फाइलीत ग्रंथालयाच्या शेअरखाली ‘ऑपलॉक्स’ आणि ‘लेव्हल२ ऑपलॉक्स’ या दोन्ही ओळींना ‘नो’ लिहावे. सांबातील लीज ऑपलॉक्सवरच अवलंबून असल्याने तीही त्या शेअरपुरती थांबते. शेअरमध्ये इतर कागदपत्रेही असतील, तर ‘व्हेटो ऑपलॉक फाइल्स’ या ओळीत फक्त डीबीएफ, सीडीएक्स, एनटीएक्स अशा फाइलींचे नमुने देता येतात. अक्षरे लहान आणि मोठी अशा दोन्ही रूपांत द्यावीत. सांबाच्या या सेटिंगांच्या नावांत मात्र शब्दांमधली जागा ठेवायची असते, एवढा फरक लक्षात असावा.

सांबाच्या ४.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी १ मुळातच बंद असते. सांबा अद्ययावत केल्यावर एक्सपीचे काउंटर अचानक तुटले, तर कारण हे आहे.

१०. पूर्वी पासवर्ड न देता फोल्डर उघडत असे. आता विंडोज पासवर्ड मागते, किंवा ‘अतिथी प्रवेशाला परवानगी नाही’ असे सांगते.

ही वेगळी अडचण आहे; तिचा एसएमबी १ शी थेट संबंध नाही. विंडोजने पासवर्डशिवायचा अतिथी प्रवेश टप्प्याटप्प्याने बंद केला आहे. २०२४ च्या शेवटी आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो संगणकांवरही तो बंद झाला आणि प्रत्येक संदेशावर संगणकीय सही असणे सक्तीचे झाले. अतिथी जोडणीला सही करता येत नाही, त्यामुळे ती नाकारली जाते.

अतिथी प्रवेश परत उघडण्याचे सेटिंग आहे, पण ते वापरू नये. सर्व्हरवर ‘देवघेव’ कामासाठी साध्या अधिकारांचे एक खाते रोमन नावाने तयार करावे, त्याला पासवर्ड द्यावा, डेटा फोल्डरवर त्याला लिहिण्याचा अधिकार द्यावा आणि प्रत्येक काउंटरच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये तो एकदा साठवावा. कर्मचाऱ्यांना रोज काही टाइप करावे लागत नाही.

११. झेड ड्राइव्ह दिसतो, पण प्रोग्राम ‘प्रशासक म्हणून’ चालवला की तो म्हणतो, असा ड्राइव्हच नाही.

विंडोज साधा वापरकर्ता आणि प्रशासक यांची सत्रे वेगळी ठेवते आणि एका सत्रात जोडलेला ड्राइव्ह दुसऱ्यात दिसत नाही. रजिस्ट्रीत एनेबललिंक्डकनेक्शन्स हे मूल्य १ केल्यास तो दिसतो. मात्र प्रोग्रामला प्रशासक का लागतो हे आधी शोधावे. बहुधा तो स्वतःच्या स्थापनेच्या फोल्डरात तात्पुरत्या फाइली लिहीत असतो. त्या फोल्डरावर लिहिण्याचा अधिकार दिला, की ‘प्रशासक म्हणून’ची गरजच उरत नाही.

१२. वीज गेली की हमखास इंडेक्स बिघडतो. सर्व्हरला आणि काउंटरलाही यूपीएस आहे, तरीही असे का?

नेटवर्क स्विचला यूपीएस आहे का, ते पाहावे. भिंतीवरचा तो छोटा डबा बहुतेक ठिकाणी साध्या सॉकेटला लावलेला असतो. वीज जाताच सर्व्हर चालू राहतो, काउंटर चालू राहतो आणि दोघांमधला रस्ता बंद होतो. त्या क्षणी अर्धी लिहिलेली नोंद अर्धीच राहते. स्विचची विजेची गरज अगदी थोडी असते, त्यामुळे तो सर्व्हरच्याच यूपीएसवर घेतल्याने फारसा भार वाढत नाही. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपलीकडे जातो आणि स्विच बरेचदा छताजवळ, बंद पेटीत बसवलेला असतो. तो तापून अधूनमधून अडखळू लागला तरी परिणाम हाच होतो, म्हणून ती पेटी हवेशीर असावी.

१३. काही वेळ काम नसले, की ड्राइव्हवर लाल फुली येते आणि प्रोग्राम अडकतो.

विंडोजचा सर्व्हर १५ मिनिटे निष्क्रिय असलेली जोडणी सोडून देतो. सर्व्हरवर ‘नेट कॉन्फिग सर्व्हर’ या आज्ञेत ‘ऑटोडिसकनेक्ट’ उणे १ केल्यास हे थांबते. (या आज्ञेच्या तीन शब्दांमध्ये मात्र जागा सोडावी.) नेटवर्क कार्डाची झोपही तपासावी (प्रश्न ८).

नवा संगणक जोडताना ‘आणखी जोडण्या शक्य नाहीत’ असा संदेश आला, तर मर्यादा परवान्याची आहे. एक्सपी प्रोफेशनलवर एका वेळी १० आणि विंडोज ७ पासून पुढे २० जोडण्या चालतात. त्यापेक्षा मोठ्या ग्रंथालयाला सर्व्हर आवृत्ती किंवा सांबा लागते.

१४. सर्व जोडण्या ठीक आहेत, पण नव्या संगणकावर प्रोग्राम उघडतच नाही.

नेटवर्कचा येथे दोष नाही. डॉसचे आणि १६-बिटचे प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे. आयसिसची डॉस आवृत्ती आणि विनआयसिस, तसेच क्लिपरचे बहुतेक प्रोग्राम या गटात येतात. त्यांना आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, लागते (प्रश्न १५).

डॉस प्रोग्रामना आणखी एक बंधन आहे: फाइलीचे आणि फोल्डरचे नाव आठ अक्षरांच्या आत, रोमन लिपीत आणि मधे जागा नसलेले हवे. डेटा फोल्डरला मराठीत ‘ग्रंथालय माहिती’ असे नाव दिले आणि प्रोग्राम बंद पडला, अशा तक्रारी आल्या आहेत. नाव पूर्ववत केल्यावर तो चालू झाला.

१५. एक्सपी ठेवावाच लागणार आहे. तो कसा ठेवावा?

पहिली पसंती आभासी यंत्राला द्यावी. एका सक्षम संगणकात एक्सपी किंवा ३२-बिट विंडोज आभासी यंत्र म्हणून बसवावे आणि डेटा त्याच यंत्राच्या आभासी डिस्कवर ठेवावा. फाइली आणि प्रोग्राम एकाच ठिकाणी आल्याने नेटवर्कवरून लिहिण्याचा प्रश्नच मिटतो. त्याला इंटरनेटची वाट देऊ नये. ज्या ग्रंथालयात देवघेवीचा काउंटर एकच आहे, तेथे याहून चांगली व्यवस्था नाही.

काउंटर अनेक असतील आणि प्रोग्राम ३२-बिटचा असेल, तर तो सर्व्हरवरच चालवून काउंटरवरून रिमोट डेस्कटॉपने वापरता येतो. अशा वेळी केबलवरून फक्त पडद्याचे चित्र आणि कळा जातात. फाइल सर्व्हर सोडून कोठेच जात नाही. एका वेळी अनेकांनी असे काम करण्यासाठी विंडोज सर्व्हर आणि त्याचे स्वतंत्र परवाने लागतात, आणि तो खर्च कार्यकारिणीपुढे आधीच मांडावा लागतो.

खरे एक्सपी संगणक जोडायचेच असतील, तर त्यांचा स्विच वेगळा असावा आणि राउटरशी त्याचा संबंध नसावा. मध्ये सांबाचे यंत्र ठेवून त्याला दोन नेटवर्क कार्डे द्यावीत आणि एसएमबी १ ला लागणारी ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ ही ओळ ‘एनटी१’ करावी. ही ओळ संपूर्ण सर्व्हरला लागू होते, एका शेअरला नाही, म्हणून ते यंत्र या एकाच कामासाठी राखून ठेवावे. एवढे करूनही ‘पासवर्ड चुकीचा’ असे उत्तर आले, तर एक्सपी जुन्या पद्धतीने पासवर्ड पाठवत आहे आणि सांबा ती पद्धत स्वीकारत नाही. एक्सपीच्या रजिस्ट्रीत, कंट्रोल आणि एलएसए खाली, एलएमकंपॅटिबिलिटीलेव्हल ३ केल्यास प्रश्न सुटतो. सांबाची बाजू ढिली करण्यापेक्षा हे बरे.

१६. डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये ठेवले, तर शेअरिंगची कटकटच नको. असे चालेल का?

चालणार नाही. या सेवा फाइल बदलल्यावर तिची नवी प्रत वर पाठवतात. एका नोंदीचे कुलूप त्यांना समजत नाही. दोन काउंटरनी लिहिल्यास दोन वेगवेगळ्या फाइली तयार होतात आणि त्यांतील एकीचे दिवसभराचे काम बाजूला पडते. रात्री प्रोग्राम बंद करून घेतलेली झिप प्रत तेथे ठेवण्यास मात्र हरकत नाही. तिच्या जोडीला संगणकापासून काढून ठेवलेली एक प्रत हवीच, कारण खंडणीखोर विषाणू जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद करतो.

१७. नव्या प्रणालीवर जायचे ठरवले आहे. जुन्या नोंदी सोबत नेता येतील का?

येतील, आणि कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे एकेक दाखल क्रमांक टाइप करून उभे केलेले हे काम वाया जाऊ देऊ नये. डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडते, त्यामुळे प्रोग्रामचा विक्रेता आता उपलब्ध नसला तरी नोंदी बाहेर काढता येतात. आयसिसमधून आयएसओ २७०९ या, ग्रंथनोंदींची देवाणघेवाण करण्याच्या, स्वरूपात निर्यात करता येते. येथे दोन ठिकाणी लोक अडकतात. निर्यात फाइलीत दर ८० अक्षरांना ओळ तोडलेली असते आणि नवी प्रणाली तशी फाइल नाकारते, म्हणून त्या ओळी आधी जोडून घ्याव्या लागतात. शिवाय स्वरूप तेच असले तरी क्षेत्रांचे क्रमांक प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या सोयीने दिलेले असतात. लेखक, शीर्षक, वर्गांक कोणत्या क्रमांकात आहेत, याचा तक्ता करून ते मार्क २१ (ग्रंथनोंदींचा प्रमाणित आराखडा) च्या क्रमांकांशी जुळवावे लागतात.

सोलापुरात यापुढची अडचण लिपीची आहे. येथील अनेक संग्रहांत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू पुस्तके आहेत. जुन्या नोंदींत ती कोठे इस्की (युनिकोडपूर्वीचा भारतीय लिप्यांचा) संकेतात, कोठे एखाद्या विशिष्ट फाँटच्या चिन्हांत, तर कोठे नुसत्या रोमन लिप्यंतरात टाइप केलेली असतात. काही वेळा एकाच फाइलीत तिन्ही प्रकार आढळतात. युनिकोडमध्ये रूपांतर करण्यापूर्वी प्रत्येक भाषेच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि प्रत्येक गटातील थोड्या नोंदी ती भाषा वाचणाऱ्या व्यक्तीकडून पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाशी ताडून घ्याव्यात. ही पडताळणी पूर्ण होईपर्यंत जुना प्रोग्राम आणि त्याचा डेटा केवळ वाचण्याच्या अधिकारासह जपून ठेवावा, आणि नवी देवघेव मात्र पहिल्या दिवसापासून एकाच प्रणालीत नोंदवावी.